घरातलं माणूस गेलं तरच सूट

सदा, तुझ्याबद्दल जे गोड बोलायचं ते शोकसभेत सगळ्यांनी बोलून घेतलंय. मी तिथे गप्प बसलो होतो. आता जे बोलणार आहे ते तुलाच सांगण्यासारखं आहे. मी तुझ्यावर जळायचो. थोडाथोडका नाही, एकोणीस वर्षं, रोज आठ तास, ओव्हरटाइम धरला तर दहा. तुला ते ठाऊक होतं आणि तू त्याची मजा घ्यायचास, म्हणून आणखी जळायचो.

भाईंदर पूर्वेचा आपला गाळा, स्टीलच्या भांड्यांचं पॉलिश, तुझं मशीन खिडकीशी आणि माझं त्याच्या शेजारी. खिडकी तुला का मिळाली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. एकाच दिवशी कामाला लागलो होतो आपण. तुझ्या हातचं पातेलं शेठ गिऱ्हाइकापुढे धरायचा आणि म्हणायचा, ‘इसमें मुँह देख लो.’ अरे, माझ्या पातेल्यातही तोंड दिसायचं! पण ते बघायला मीच असायचो.

आणि तुझं घर. मी इंद्रलोकला चौथ्या मजल्यावर, वन रूम किचन, खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगच्या पाइपातून कुणाचं पाणी जातंय ते ऐकायचं. तू राई गावात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंगणात, संध्याकाळी खाडीवरून वारा. माझं गाव रत्नागिरीकडे. गणपतीला आणि शिमग्याला जायचं, तेही शेठपुढे तोंड वेंगाडून. रजेचा अर्ज न करता बारा महिने आपल्या गावात राहणारा माणूस मी पहिला तुझ्या रूपात पाहिला. तू म्हणायचास, ‘अरं, काय हाय त्या राईत आता? अर्धी बिल्डरनं खाल्ली.’ मी मनात म्हणायचो, उरलेली अर्धी तरी तुझी आहे ना मेल्या.

सुवर्णाचं तर काय सांगू. माझी बायको, चोवीस वर्षांचा संसार, माझ्या एकाही विनोदाला हसलेली मला आठवत नाही. तू एकदा सुके बोंबील द्यायला घरी आलास, दारातच काहीतरी बोललास आणि ती पदर तोंडाला लावून हसत आत गेली. काय बोललास ते मी दोघांनाही विचारलं नाही. बोंबील मात्र मी खाल्ले नाहीत, पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

पण हे सगळं किरकोळ. खरं पोटात दुखायला लागलं ते मिशीपासून.

आपल्या धंद्यात मिशी कुणी ठेवत नाही. चाकाला पॉलिशची काळी वडी लावून भांडं धरलं की जी भुकटी उडते, ती तोंडावर बांधलेल्या रुमालातूनही आत शिरते आणि ओठावर बसते. मिशी असली की तिथेच मुक्काम करते. म्हणून सगळे तुळतुळीत. अशा गाळ्यात तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून मिशा वाढवायच्या ठरल्या, तेव्हा आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं दारात येऊन बघून गेली होती.

ती कल्पना माझी होती. बाबा जाऊन तीन महिने झाले होते. त्यांचं मी फक्त तुला सांगितलं, जिन्यात डबा खाताना. लघवीचा त्रास होता त्यांना, दीड वर्षं लाजेपायी कुणाला बोलले नाहीत, पोटच्या पोरालाही नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तोवर डॉक्टरच्या हातात काही राहिलं नव्हतं. माझ्या भाचीने मोबाइलवर दाखवलं होतं, परदेशात एकत्र काम करणारी माणसं महिनाभर मिशा वाढवतात, लोकांनी ‘हे काय’ विचारलं की पुरुषांच्या असल्या आजारांबद्दल सांगतात आणि तपासणीसाठी पैसे गोळा करतात. मी तुला म्हटलं, ‘आपण पण करायचं का रे?’ तू घास तसाच हातात धरून बसलास. मग म्हणालास, ‘करायचं.’

आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत तू पालथ्या ड्रमवर चढलास! रुमाल गळ्यात, हात कमरेवर. ‘ऐका रं! उद्यापास्नं महिनाभर ओठावर वस्तरा लावायचा न्हाय.’ पुढचं सगळं तू एकट्याने सांगितलंस. प्रत्येकाने आपापल्या बिल्डिंगीत, आळीत, नाक्यावर लोकांकडून आपल्या मिशीच्या नावाने देणगी कबूल करून घ्यायची. त्यातून आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या पन्नाशीपुढच्या कामगारांची तपासणी. शेवटच्या दिवशी पॅकिंगच्या बायका पहिला नंबर काढणार, आणि त्याआधी प्रत्येकाने साबणाने तोंड धुवायचं, कारण भुकटीने बसल्या जागी कुणाचीही मिशी दाट दिसते. मधेच मिशी काढली तर त्याच्या नावाची देणगी बाद. सूट एकच. तुझे शब्द मला पाठ आहेत. ‘घरातलं मानूस गेलं तरच सूट. ते पन सगल्यांसमोर उभं राहून सांगायचं, कोन गेलं नि तुझं कोन लागत होतं.’

टाळ्या पडल्या. पॅकिंगच्या निर्मलाताई म्हणाल्या, ‘सदाभाऊ, काय डोकं आहे हो तुमचं!’ आणि तू हसलास. माझ्याकडे बघितलंससुद्धा नाही. अंगाचा तिळपापड होणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

बरं, कल्पना घेतलीस तर घेतलीस, मिशी तरी माझ्यापेक्षा वाईट यायला काय हरकत होती? आठ दिवसांत तुझ्या ओठावर शेत उगवलं. काळंभोर, दोन्ही टोकं आपली आपण वर वळलेली. माझी म्हणजे उजवीकडे बऱ्यापैकी, मधे फट, आणि डावीकडे पाचसहा केस एकमेकांशी भांडून लांब लांब बसलेले. आरशातून माझ्याकडे बघून सुवर्णा म्हणाली, ‘अहो, राहू द्या ना, देणगी आपण तशीच देऊ.’

दुसऱ्या वर्षी मी काय केलं ते सगळा गाळा विसरला असेल, मी नाही. शेवटच्या दिवशी नळावर गेलो, गाल धुतले, कपाळ धुतलं, मान धुतली आणि ओठ तेवढा सोडला. दिवसभराची भुकटी त्यावर मस्त बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला मिशी असल्यासारखी दिसत होती. ऐटीत ओळीत उभा राहिलो. निर्मलाताई जवळ आल्या, थांबल्या, भांडी पुसायचं फडकं पाण्यात बुडवलं आणि शाळेतल्या पोराचं नाक पुसावं तसा माझा ओठ पुसला. फडकं काळं झालं. सगळा गाळा हसून लोळला आणि सगळ्यात मोठ्याने तू. पण मग तूच पुढे आलास, ते फडकं घेतलंस, स्वतःच्या दोन्ही गालांवर फासलंस आणि म्हणालास, ‘आता माजा नंबर बी बाद करा.’ त्यांनी नाही केला. पहिला तूच आलास. मला वाचवलंस म्हणून उपकार मानायला हवे होते. मी मात्र घरी जाईपर्यंत हाच विचार करत होतो की याला असलं सुचतं कसं.

त्याच वर्षी रामप्रसादने सूट मागितली होती. आपल्या पॉलिशमधला तिसरा गडी, वयाने सगळ्यांत मोठा. मिशीला खाज सुटली म्हणून रडकुंडीला आला होता. सुट्टीत उभा राहून म्हणाला, ‘गाँव के चाचा गुजर गए.’ तू विचारलंस, ‘सगे?’ तो म्हणाला, ‘नहीं, गाँव के नाते से.’ तू चपाती मोडत म्हणालास, ‘गाँव के चाचा घर में नहीं आते. बैठ.’ तो बसला. तेव्हापासून सूट मागायची कुणाची टाप झाली नाही.

तीन वर्षं पहिला नंबर तुझा. हे चौथं. यंदा मी जिद्दीला पेटलो होतो. दिवाळीआधीपासून सुवर्णाची नजर चुकवून खोबरेल तेल चोळत होतो. आणि यंदा खरंच डावीकडचे केस जरा एकत्र आले होते. तुझ्या मिशीत मात्र पांढरं दिसायला लागलं होतं, ते मी रोज मोजल्यासारखं बघायचो.

दहाव्या दिवशी आपलं भांडण झालं. तेच जुनं. शेजारच्या गाळ्याचा मॅनेजर तुला म्हणाला, ‘तुमची ही आयडिया आम्ही पण उचलतोय,’ आणि तू ‘उचला की’ म्हणालास. तो गेल्यावर मी मशीन बंद केलं. म्हटलं, ‘सदा, तू चोर आहेस. कल्पना माझी होती. चार वर्षांत एकदा तरी माझं नाव घेतलंस?’ तू रुमाल खाली केलास, माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलास. वाटलं आता काहीतरी बोलणार. मग म्हणालास, ‘बरं बाबा, चोर तर चोर. मिशी तर माजीच हाय ना?’ आणि टोक पिळून चाक सुरू केलंस. मी दिवसभर बोललो नाही. संध्याकाळी ‘येतो रं’ म्हणालास, त्यालाही उत्तर दिलं नाही. सकाळी साडेसातला रामप्रसादचा फोन आला, तू रात्री झोपेतच गेलास म्हणून.

राईच्या स्मशानात तुला ठेवलं होतं. काय गर्दी रे! कोळी, आगरी, बिल्डरची माणसं, भाजीवाल्या बायका, तुझ्या वर्गातले कोण कोण. माझ्यासाठी एवढी माणसं येतील का, हा हिशेब मी तिथेही केला. मग पुढे होऊन तुझं तोंड बघितलं. अकरा दिवसांची मिशी, तरी देखणी. आणि सदा, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की यंदा नंबर माझा. आधी हे, आणि मग रडू. रडलो ते खरंच रडलो, तुझ्या पायाशी बसून, दोघांनी धरून उठवलं मला. पण आधी हेच आलं. कुणालाच सांगितलेलं नाही मी हे.

दहाव्याला खाडीकाठी आलो होतो. न्हावी पाटावर बसला होता. तुझा भाऊ वसंत पहिला बसला. सहा वर्षं तुझ्याशी बोलत नव्हता तो जमिनीवरून, तुझ्या पोरीच्या लग्नालाही आला नाही. तुला काय आवडतं, कोणत्या कुशीवर तुझा खांदा दुखतो, चहात किती साखर, यातलं काही त्याला माहीत नसेल. पण तो बसला, मान खाली घातली, न्हाव्याने डोकं केलं, मिशी उतरवली, आणि सगळ्यांना कळलं की याचं माणूस गेलंय. मग पुतण्या बसला. मी बाजूला चप्पल हातात घेऊन उभा, पाहुण्यासारखा. तुझ्यावर एवढी वर्षं जळलो, पण त्या दिवशी वसंतवर जेवढा जळलो तेवढा कुणावरच नाही.

न्हाव्याने वस्तरा पुसत विचारलं, ‘अजून कोन हाय का घरातलं?’

माझा पाय उचलला होता, सदा. खरंच उचलला होता. मग हात आपोआप मिशीवर गेला. डावी बाजू मऊ लागली, भरलेली. दहा दिवस राहिले होते फक्त. मी पाय खाली ठेवला. न्हाव्याने सामान गुंडाळलं.

त्यानंतर घरी वहिनींपाशी टेकलो. त्या डोळे कोरडे करून बसल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘गाळ्यात सगळे सदाची आठवण काढतात. मिशीची कल्पना त्याची म्हणून.’ माझंच नशीब फुटकं, त्या घरातही मला तेच टोचत होतं. वहिनींनी मान वर केली. ‘त्यांची कुठं? तुमची ना ती?’

‘तुम्हाला कसं कळलं?’ मी विचारलं.

‘मी त्यांना पहिल्याच साली इचारलं, हे तुमच्या डोक्यात कुठनं आलं? तर म्हनाले, माज्या न्हाय, दिलीपच्या. मग म्हटलं, त्याचं नाव का सांगत न्हाय? तर म्हनाले, सांगितलं की लोक त्याला इचारनार, तुला कसं सुचलं. मग त्याला सगलं सांगायला लागंल. आनि त्यानं मला शपथ घातलीये, म्हनाले.’

‘कसली शपथ?’

‘ते मला बी न्हाय सांगितलं. काय होतं हो भाऊजी?’

तेव्हा आठवलं. जिन्यात डबा खाताना, बाबांचं सांगून झाल्यावर, मीच तुझा हात धरला होता. ‘कुणाला बोलू नकोस सदा. माझ्या बापाची लाज जाईल. माझी शप्पथ आहे तुला.’ मीच म्हटलं होतं ना? मी बोलून विसरून गेलो आणि तू चार वर्षं पाळत बसलास, बायकोपासूनसुद्धा. मी तोंडावर चोर म्हटलं तरी. त्या दिवशी रुमाल खाली करून बघत राहिलास, ते यासाठी होतं होय? बोलला असतास तर काय झालं असतं रे? दोन शिव्या घालून सांगायचंस, ‘बेट्या, तुझीच शपथ आहे.’ मी पाय धरले असते तुझे. पण नाही. तिथेही तू वर आणि मी खाली.

वहिनींना मी बाबांचं सांगितलं. लघवी, लाज, दीड वर्षं, सगळं. कुणा बाईमाणसासमोर हे बोलेन असं वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘आमच्या सासऱ्यांचं बी असंच झालं असंल, कोन जाने,’ आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी ड्रमवर चढलो. तू उडी मारून चढायचास. मला रामप्रसादने हात दिला. आधी बाबांचं सांगितलं. कल्पना माझी होती आणि सदा का गप्प राहिला, तेही सांगितलं. चार वर्षं मनात वाजवलेल्या टाळ्या त्या. कुणी वाजवल्या नाहीत. पॅकिंगमधल्या एकाने तेवढं हळूच विचारलं की तपासणीला उपाशीपोटी जायचं असतं का. बाकीचे ‘अच्छा’ म्हणाले आणि डब्यांकडे वळले. मला वाटलं होतं तेवढं वाईटही वाटलं नाही.

मग मी म्हटलं, ‘आणि मला सूट पाहिजे.’

डबे थांबले. तुझ्यानंतर नियम रामप्रसादकडे आलेत. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, ‘कौन गया?’

‘सदा.’

रामप्रसादला त्याचा तो चाचा आठवला असणार. हळू आवाजात म्हणाला, ‘दिलीप, वो तो हम सब का गया. नियम उसी का है, भाई. तेरा कौन लगता था?’

रात्रभर मी ‘भावासारखा’ पाठ केलं होतं. पण ‘सारखा’ तू चालवून घेतला नसतास, हे मला वर उभं राहिल्यावर कळलं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

‘उन्नीस साल जला हूँ उससे, रामप्रसाद. बाहर के आदमी से कोई इतना जलता है क्या?’

निर्मलाताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रामप्रसादने स्वतःचा डबा बंद केला, कपाटातून त्याचा रेझर आणला आणि मला हाताला धरून नळापाशी नेलं. आरसा नव्हता. तुझ्या हातचं एक पातेलं तयार होऊन पडलं होतं, तू जायच्या आदल्या दिवशी केलेलं. तेच त्याने माझ्यासमोर धरलं. डावी बाजू आधी काढली. खरंच भरली होती रे यंदा. तुला दाखवायची होती.

काल महिना संपला. सगळे तोंड धुऊन ओळीत उभे राहिले, मी समोर बाकावर. पहिला नंबर रामप्रसादचा आला. हसू नकोस. एक टोक वर, एक खाली, मधे तपकिरीचा डाग. निर्मलाताईंनी नारळ दिला, तो लाजला आणि ‘सदाभाई के नाम पे’ असं काहीतरी बोलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

घरी जाताना मी मुद्दाम तसा विचार करून बघितला. म्हटलं, त्या असल्या मिशीला नंबर, आणि माझी गेली नळावर वाहून. दोनतीनदा स्वतःला तेच बजावलं. नाही होत रे, सदा. त्याच्यावर मला जळवतच नाही.